मॉडेल रेल्वे: स्टेशनची पाटी जुनी कशी दिसेल? (माझी नुसतीच मळकी दिसतेय)

सांधेवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

दीड वर्षापासून गच्चीवरच्या खोलीत एक लेआउट चाललाय. विषय बार्शी लाइट रेल्वे, त्यातही कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज ही अडीच फुटी नॅरोगेज. आता तिथे ब्रॉडगेज आहे, पण माझ्या खोलीत अजून १९८० सालच चालू आहे. ही लाइन निवडायचं एक कारण निव्वळ गणिती: माझं मॉडेल एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, आणि ९ मिमीचा तयार रूळ विकत मिळतो. एचओमध्ये यापेक्षा सोयीचं काही नाही. स्टेशन मात्र काल्पनिक आहे, 'वेळापूर रोड'.

घोडं पेंड खातंय ते पाटीपाशी. खरी पाटी ६ फूट × ३ फूट धरली, म्हणजे मॉडेलवर २१ × १०.५ मिमी. घरच्या इंकजेटवर छापली, जुन्या व्हिजिटिंग कार्डावर चिकटवली आणि पातळ तपकिरी रंगाचा हात दिला. पहिल्या पाटीची शाई पाण्याने फुटली, काळी अक्षरं पिवळ्यात उतरली आणि हिरवट चिखल झाला. दुसरीला आधी वार्निश मारलं, मग रंग. ती टिकली, पण चहा सांडल्यासारखी दिसते. कोपऱ्यांना गंजही दिलाय. तरी बायको म्हणते, "जुनी नाही वाटत, घाण वाटते." मुद्दा तिचा बरोबर आहे, म्हणूनच जास्त लागलाय.

तर जुनं कसं दाखवायचं? फोटो जोडलाय.

चहागरम

मी पयला! फोटो दिसत नाहीये.

सांधेवाला

आता बघा.

चहागरम

दिसला. वहिनी बरोबर आहेत.

रत्नांग्रीचा

सांधेवाले, गंज काढा आधी. पाटी कशाची आहे ते ठरवलंत का? स्टेशनच्या नावाची मोठी पाटी बहुतेक ठिकाणी सिमेंटची असते, दोन खांबांवर आडवी फळी. सिमेंट कसं गंजेल? त्याला शेवाळ धरतं. आमच्याकडे एका पावसात खालची कड हिरवी होते, ऊन पडलं की तीच काळी पडते. वरच्या कडेवरून पाणी ओघळतं त्याचे काळे पट्टे खाली येतात. मी काळपट हिरवा रंग घेऊन खालून वर टेकवत जातो, आणि वरून खाली अगदी बारीक ओघळ देतो. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू जास्त काळी. दोन्ही बाजू सारख्या केल्यात की मेलंच.

मिरजकर

रत्नांग्रीचे, सिमेंटचं पटलं, शेवाळाचं नाही. वेळापूर रोड म्हणजे पंढरपूर–सांगोला पट्टा. तिथे माणसाला प्यायला पाणी नाही, शेवाळाला कुठून येणार?

लहानपणी या गाडीने आजोळी जायचो. माझ्या आठवणीतल्या त्या भागातल्या पाट्या मळलेल्या नव्हत्या, विटलेल्या होत्या. दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू उन्हाने पार उडालेली, पिवळा साईसारखा झालेला, काळी अक्षरं पाटीच्या पेन्सिलीने लिहिल्यासारखी करडी. पाठीमागची बाजू त्यामानाने ताजी. आणि खालच्या वीतभर भागावर धूळ. त्या पट्ट्यात काळ्या रानाची धूळ उडते, तांबडी नव्हे. तुमचा तपकिरी हात कोकणातून आणलाय की काय?

म्हणजे मळवू नका, उडवा.

रत्नांग्रीचा

मान्य. पण मग वाफेच्या इंजिनाची काजळी तरी द्या हो!

सांधेवाला

दोन्ही बाजू वेगळ्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी एकच फाइल दोनदा छापून पाठपोट चिकटवली होती. म्हणजे उन्हाची बाजू कॉम्प्युटरवरच फिकी करून छापावी का? रंग लावून फिकं करायला गेलं की पुन्हा तेच, दुधाचा चहा.

मिरजकर

छापतानाच फिकी करा. आणि सावलीच्या बाजूलाही शुद्ध काळा नको. एवढ्या लहान मापात शुद्ध काळा भोकासारखा दिसतो. गडद करडा घ्या, डोळा त्याला काळाच म्हणतो.

ओव्हरहेड

छान धागा. एक सुचवणी: खांबांवर '२५००० व्होल्ट, सावधान' अशी कवटीची लाल पाटी लावा. छोटी असली तरी लगेच भारतीय रेल्वे वाटते.

मिरजकर

नॅरोगेजला तार? इंजिनाला पाणी मिळालं तरी आम्ही टाळ्या वाजवायचो.

ओव्हरहेड

अर्रर्र. मी आपला मुंबईच्या हिशेबाने बोललो.

दादर_स्लो

मुंबईच्या हिशेबानेही चुकेल, मीच चुकलोय. माझा दादरचा तुकडा १९८५ चा आहे. २५००० च्या चाळीस पाट्या छापल्या, कापल्या, लावल्या. एक पाटी साडेतीन मिमीची, चिमट्याने धरायची. रविवारी एक ज्येष्ठ मित्र आले. चहा प्यायले, बिस्किट खाल्लं आणि म्हणाले, "तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होता ना?" १९२५ ला व्हीटी–कुर्ला सुरू झालं तेव्हापासून १५०० डीसीच. पश्चिम रेल्वेवर तो २०१२ ला संपला, मध्यवर हार्बरचा शेवटचा तुकडा २०१६ ला गेला. चाळीसच्या चाळीस पाट्या खरवडल्या. शिवाय एका फलकावर मी 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' लिहून बसलो होतो. ते नाव १९९६ चं. १९८५ ला व्हीटीच.

तेव्हा गंज वगैरे नंतर, आधी साल.

चहागरम

ज्येष्ठ मित्रांना बिस्किट देऊ नये.

पेंटरची_लेक

माझे बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकची नावं आणि मधूनमधून कंत्राटदाराकडून रेल्वेची कामं. सांधेवाला, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. जुनेपणा हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न अक्षरांचा आहे. ती टाइप केलेली आहेत. १९८० साली कुठलं स्टेशन टाइप केलेलं होतं?

बाबा पाटी कशी करायचे ते सांगते. आधी पिवळ्याचे दोन हात. वाळला की सूत मारायचं: दोऱ्याला खडू किंवा गेरू चोळायचा, दोन्ही टोकं ताणून धरायची (एक टोक बहुधा माझ्या हातात असायचं) आणि मधे चिमटीत उचलून सोडायचा. टण्ण. सरळ रेघ. ती शिरोरेषा. मराठीत अक्षरं रेघेला टांगलेली असतात, त्यामुळे वरची रेघ काटेकोर आणि खालची बाजू अंदाजाने. इंग्रजी ओळीला मात्र वर-खाली दोन सुतं. म्हणून हाताने केलेल्या पाटीत देवनागरी ओळी खालून किंचित लहानमोठ्या होतात आणि इंग्रजी ओळ सैनिकासारखी उभी राहते. तुमच्या तिन्ही ओळी सैनिक आहेत.

दुसरं, जागा. बाबा डावीकडून ऐसपैस सुरुवात करायचे. 'वेळापूर' मजेत बसला की 'रोड'ला जागा उरायची नाही. मग रो बारीक आणि ड त्याहून बारीक. ती दाटी तुमच्या पाटीत आणा, गंजापेक्षा जास्त काम करेल.

तिसरं, बाबांच्या ब्रशचा शेवट. उकार-वेलांटीची शेपटी जिथे संपते तिथे ब्रश उचलल्याची निमुळती खूण राहते. फॉन्टमध्ये ती सगळीकडे सारखी असते. हाताच्या कामात दोन वेलांट्या जुळ्या नसतात.

फॉन्ट वापरायचाच असेल तर अक्षरं वेक्टरमध्ये फोडा आणि प्रत्येकाला एक-दोन टक्के लहानमोठं करा. नाहीतर मोठ्या कागदावर ब्रशने लिहा, फोटो काढा आणि लहान करा. मी हेच करेन.

सांधेवाला

ताई, हे वाचून पाटी तोडून टाकली. खरंच सांगतोय.

अक्षरशत्रू

पेंटरची_लेक यांना +१००. मी जरा किडा काढतो. पाटीवर तीन ओळी आहेत: मराठी 'वेळापूर रोड', हिंदी 'वेलापुर रोड' आणि इंग्रजी. पू-पु बरोबर केलंत, नागपूर–नागपुर, सोलापूर–सोलापुर यांच्यासारखं. अभिनंदन, अर्धे लोक तिथेच पडतात. पण हिंदी ओळीतला ल दोन पाकळ्यांचा मराठी ल आहे! तिथे दंडवाला हिंदी ल हवा. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. तुमची तिन्ही ओळींना मराठी राहिली असणार.

पेंटरची_लेक

अक्षरशत्रू, फॉन्टच्या हिशेबाने तुमचं खरं. पण बाबा दोन्ही ओळींत एकच ल काढायचे. त्यांचा स्वतःचा. हिंदी ओळ आली म्हणून हात थोडाच बदलतो? पेंटर जर पंढरपूरचा असेल तर मराठी लच राहू द्या.

अक्षरशत्रू

निरुत्तर. किडा मागे घेतो.

भंगारप्रेमी

सगळं सिमेंटवर चाललंय, पण प्लॅटफॉर्मवर लहान पाट्याही असतात ना: 'पिण्याचे पाणी', 'स्टेशन मास्तर', 'पुरुष', 'स्त्रिया'. त्या जुन्या काळी इनॅमलच्या, म्हणजे पत्र्यावर काचेचा थर भाजलेल्या. माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली 'पुरुष' अशी एक आहे. (हिने ती घरात लावू दिली नाही, बाल्कनीत आहे.) आत्ता समोर धरून लिहितोय.

रंग अजिबात उडालेला नाही. निळा निळाच, पांढरा पांढराच, काच आहे ती. पण चार भोकांपैकी तीन भोकांभोवती काच उडालीये. स्क्रू जास्त आवळला की तडकते. उडालेला भाग गोल नाही, शिंपल्यासारखा आहे. मधे जवळजवळ काळा, त्याच्या कडेला तपकिरी आणि बाहेर पांढऱ्यावर फिकट नारिंगी डाग पसरलेला. म्हणजे मध्यभागी सर्वांत गडद, बाहेर सर्वांत उजळ. बरेच जण उलट करतात. वरच्या दोन भोकांतून गंजाचा ओघळ सरळ खाली आलाय, केसाएवढा. खालच्या भोकांतून ओघळ जवळपास नाही, कारण पाटीच तिथे संपते. आणि मधोमध, बरोब्बर 'रु'वर, दगड बसल्याची खूण. पोरांनी नेम धरलेला असणार.

मॉडेलवर मी हे असं करतो: छापील पाटीवर आधी मॅट वार्निशचे दोन हात. मग भांड्यांच्या स्पंजचा दाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरून काळपट तपकिरी रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त भोकांपाशी नि कडेला टेकवायचा. चार-पाच ठिपके, बस. हात शिवशिवतो, आणखी एक द्यावासा वाटतो. तो द्यायचा नाही.

गेरूकाव

भंगारप्रेमींच्या पोस्टला जोड. ओघळांना ओला रंग वापरू नका, कोरडी पूड वापरा. परदेशी पिगमेंटच्या डब्या महाग पडतात. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा ऑक्साइडच की, गंजाचाच भाऊबंद. कुंभारवाड्यातून स्वस्तात वर्षभराचा गंज मिळतो. काजळीला काजळी, धुळीला राख किंवा घासलेला खडू. गेरू जुन्या मोज्यातून गाळून घ्या, कारण १:८७ मध्ये साधी रेव म्हणजे धोंडा. पूड मऊ ब्रशने वरून खाली ओढायची, आणि वार्निश शेवटी लांबून फवारायचं. जवळून मारलंत तर अर्धी पूड नाहीशी होते. वार्निशनंतर रंग थोडा गडद होतो, तेव्हा आधी हात राखून.

सांधेवाला

कुंभारवाडा आमच्याजवळच आहे, उद्याच जातो. काळ्या रानाच्या धुळीला काय वापरू?

गेरूकाव

काळ्या रानाची धूळ. :)

मिरजकर

हवी असेल तर पाठवतो. कुरियरवाला 'आत काय आहे' विचारेल तेव्हा तुम्ही बोला.

निवृत्त_मास्तर

मी मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. नॅरोगेजवर नव्हतो. नातू हा धागा वाचून दाखवत होता, म्हणून म्हटलं आपणही लिहावं. टायपिंगच्या चुका नातवाच्या.

तुम्ही सगळे पाटी किती जुनी करायची यावर भांडताय. पण पाटी अशी सलग जुनी होत नाही. जीएम साहेबांचं वार्षिक इन्स्पेक्शन ठरलं की स्टेशनात चुना, गेरू आणि पिवळा रंग एकदम येतो. झाडांच्या बुंध्यांनाही गेरू-चुना. नावाची पाटी सर्वांत आधी रंगते, कारण साहेबांच्या डब्यातून तीच प्रथम दिसते. मागची मालधक्क्याची भिंत तशीच राहते. म्हणजे पाटी टवटवीत आणि आजूबाजूचं सगळं विटलेलं, हे दृश्य मी नोकरीभर पाहिलं. रंगाचे थर एकावर एक चढत जातात, खरवडतो कोण? मग पोपडा निघतो आणि खाली जुना पिवळा दिसतो, कधी जुन्या अक्षराचा तुकडाही. नवं अक्षर जुन्यावर तंतोतंत बसलेलं नसतं.

आणि घाईत रंगवणारा पाटीचे खांबही पिवळे करून टाकतो. एकदा तर पाटीला टेकवून ठेवलेली सायकल त्याने हलवली नाही. पुढे वर्षभर पाटीच्या खांबावर सायकलच्या दांड्याची जुनी रेघ होती.

चहागरम

मास्तर, अजून लिहा. धागा वाचनखुणांत.

पेंटरची_लेक

मास्तर, सायकलवाले आमचे बाबा नसावेत अशी आशा. पण घाईचं खरं आहे. "साहेब गुरुवारी येणार" असं मंगळवारी कळायचं.

दादर_स्लो

मास्तरांनी खेळच पालटला. अवांतर: मालधक्क्याच्या त्या विटलेल्या भिंतीवर काय लिहिलंय? १९८० आहे तर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण पाहिजेच. आणि त्याखाली पुसट 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. देवी तोवर गेली होती, पण भिंतीवरून कोण पुसणार?

रत्नांग्रीचा

आमच्या शाळेच्या भिंतीवर ते कितीतरी वर्षं होतं. आम्हाला वाटायचं देवळातली देवी.

भिंतीवरच्या जाहिरातीसाठी युक्ती: टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा साध्या कागदाला कडेने चिकटवून प्रिंटरमधून काढा. मग तो पातळ फेव्हिकॉलने भिंतीवर बसवा आणि ओला असतानाच मऊ ब्रशने ठोका. विटांच्या सांध्यांत उतरतो, कागद लावलाय असं वाटतच नाही. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने दोन हात मारले की विटांचे उंचवटे उघडे पडतात. टिश्यू प्रिंटरमध्ये अडकला तर मी जबाबदार नाही.

ओव्हरहेड

प्रिंटरमध्ये अडकला.

रत्नांग्रीचा

कडेने चिकटवा म्हटलं होतं. :(

भंगारप्रेमी

सांधेवाला, पाटीच्या खांबांना काय वापरलंत? फोटोत गोल तार दिसते. पत्र्याची पाटी असती तर रेल्वेने तिथे जुन्या रुळाचा तुकडा उभा पुरला असता, रेल्वेकडे रूळच रूळ. एन स्केलच्या, म्हणजे एचओहून लहान मॉडेलच्या, कोड ५५ रुळाचे तुकडे घ्या. कोड ५५ म्हणजे ०.०५५ इंच, १.४ मिमी उंची, ८७ ने गुणलं की १२ सेंटीमीटर, हलक्या रुळाला चालतंय. सिमेंटच्या पाटीला मात्र चौकोनी खांबच. आणि कागदाची कापलेली पांढरी कड रंगवलेली नाही! एवढी मेहनत करून कडेने पांढरी रेघ चमकतेय. करडा स्केचपेन फिरवा फक्त.

अबक_१२३

एवढे करण्यापेक्षा परदेशातून तयार पाट्या मागवाव्यात. उत्तम मिळतात.

चहागरम

हो का? 'वेळापूर रोड' मागवून बघा बरं.

परदेशी_पाटील

अबक, मी जर्मनीत राहतो, इथे या छंदाचं दुकान गाडीने वीस मिनिटांवर. पाट्या खरंच सुंदर मिळतात, सगळ्या जर्मन. मीसुद्धा 'मिरज' घरीच छापलं. कमी रिझोल्यूशनवर शिरोरेषा दातेरी येते, इंग्रजी अक्षरांना तो त्रास नाही. खरी इंचभर जाडीची शिरोरेषा म्हणजे इथे ०.२९ मिमी. इंचाला ६०० ठिपक्यांच्या लेझरवर ती सात ठिपक्यांची होते आणि सरळ दिसते. शक्यतो लेझर वापरा, त्याची पूड पाण्याने फुटत नाही.

सांधेवाला

(बारा दिवसांनी)

मंडळी, पाटी झाली. फोटो तीन जोडलेत, या वेळी दिसताहेत याची खात्री केलीये.

अक्षरं ए-फोर कागदावर मीच ब्रशने लिहिली. पाच कागद फुकट गेले. 'रोड' मुद्दाम दाटायचा विचार होता, पण मुद्दाम करावंच लागलं नाही, आपोआप दाटला. पेंटरची_लेक यांनी ड बघावा. झेरॉक्सच्या दुकानात ते लेझरवर लहान करून छापलं. दुकानदाराने विचारलं, "एवढीशी पाटी कुणासाठी?" मी म्हटलं स्टेशनसाठी. पुढे तो काही बोलला नाही.

दक्षिण बाजू छापतानाच फिकी. उत्तर बाजू मास्तरांच्या सांगण्यावरून नुकतीच रंगवलेली, खांबांसकट. एका कोपऱ्यात ब्लेडच्या टोकाने पोपडा उचलला आणि खाली जुना साय-पिवळा टेकवला. गंज शून्य. खालच्या दीड मिमीवर मिरजकरांकडची धूळ. हो, त्यांनी खरंच पाठवली, औषधाच्या बाटलीतून.

एक कबुली. समुद्रसपाटीपासूनची उंची पाटीवर लिहायची असते. काल्पनिक स्टेशनची उंची काय लिहू? म्हणून बरोबर तिथलाच रंग उडवला.

अक्षरशत्रू

उंचीची आयडिया ढापणार.

पेंटरची_लेक

ड बघितला. बाबांनी असाच काढला असता, आणि वर कंत्राटदाराला ऐकवलं असतं की पाटीच लहान दिली.

निवृत्त_मास्तर

नातवाने फोटो मोठा करून दाखवला. पाटी पास. पण प्लॅटफॉर्मवर मातीची घागर दिसत नाही, त्याकडे लक्ष द्यावे.

सांधेवाला

घागर नोंदवली, मास्तर. काल वडील वर आले होते. सत्तरच्या दशकात त्यांनी या गाडीने बराच प्रवास केलाय, माउलींच्या पालखीचा वेळापूरचा मुक्कामही पाहिलाय. पाटीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता काही तरी बोलतील. म्हणाले, "रोड म्हणजे गाव लांब असणार. इथून वेळापूरला जायचं कसं?"

मिरजकर

रास्त प्रश्न. नाशिक रोड काय, सावंतवाडी रोड काय, उतरलं की पुढे एसटीच. स्टेशनबाहेर थांबा कुठाय?

सांधेवाला

नाहीये. करतो. 'विनंती थांबा' अशी पाटी लागेल. ती १९८० ला पत्र्याची होती की सिमेंटची, कुणी सांगेल का?

चहागरम

नवीन धागा काढा. मी पयला.